काठी कोण हलवतो? पाणाड्यांच्या परीक्षेचा इतिहास

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून निलंगा तालुका आहे. मांजरा आणि तेरणा या दोन नद्यांचा संगम याच तालुक्यात औराद शहाजानीजवळ होतो. असे असूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण येथे नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अशा मुलखात शेतकरी बोअर घ्यायचे ठरवतो तेव्हा मशीन बोलावण्याआधी तो बहुधा आणखी एका माणसाला बोलावतो. हा माणूस म्हणजे पाणाड्या.

पाणाड्याची साधने साधी असतात. कोणी उंबराची किंवा कडुलिंबाची बेचक्याची फांदी दोन्ही हातांत धरून शेतातून चालतो. कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो, आणि पाण्याच्या जागी तो उभा राहतो असे सांगतो. कोणी तांब्याच्या दोन काटकोनी तारा वापरतो, तर कोणी दोऱ्याला किल्ली बांधून ती लोंबती धरतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्या ‘पायाळू’ माणसाला जमिनीतले पाणी आणि धन दिसते, ही समजूतही महाराष्ट्रात जुनी आहे.

अतींद्रिय शक्तीचे बाकीचे दावे बहुतेकांच्या आयुष्यात करमणुकीपुरते येतात. पाणाड्याचा दावा मात्र थेट शेतकऱ्याच्या कर्जाशी जोडलेला आहे. बोअर कोरडा गेला तर मशीनचे भाडे परत मिळत नाही. म्हणून या शक्तीची परीक्षा घेता येते का, पूर्वी कोणी घेतली, तिच्यातून काय निघाले, हे शिक्षकांनी आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असे आहे. हा इतिहास चारशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. परीक्षा चांगली कशी घ्यावी हे माणूस किती सावकाश शिकला, तेही त्यातून दिसते.

खूण आणि शक्ती

आपल्याकडे भूगर्भातील पाण्याविषयीचे जुने लेखन म्हणजे सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील दकार्गल हा अध्याय. माणसाच्या शरीरात जशा शिरा तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असतात, अशी त्याची कल्पना होती. अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल तर इतक्या ‘पुरुष’ खोलीवर पाणी लागेल, अशी विधाने त्यात आहेत. ‘पुरुष’ म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची.

यातील कित्येक विधाने आज टिकणार नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वराहमिहीर खुणा सांगतो. झाड, वारूळ, मातीचा रंग, खडकाचा प्रकार या गोष्टी कोणालाही दिसतात, त्यामुळे विधान खरे की खोटे हे कोणालाही पडताळता येते. पाणाड्याच्या फांदीचे तसे नाही. ती फांदी दुसऱ्याने धरली आणि हलली नाही, तर ‘तुझ्या हातात ते नाही’ असे उत्तर मिळते. खूण सर्वांची असते, शक्ती एकट्याची. जी गोष्ट एकट्याची आहे तिची परीक्षा घेण्यासाठी वेगळी युक्ती काढावी लागते.

लियाँचा खून आणि पॅरिसची बाग

युरोपात बेचक्याची काठी आधी पाण्यासाठी नव्हे, तर खनिजे शोधण्यासाठी प्रसिद्ध होती. जर्मन विद्वान आग्रिकोला याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात या काठीची चर्चा केली. खऱ्या खाणकामगाराने काठीच्या नादी न लागता जमिनीवरच्या नैसर्गिक खुणा पाहाव्यात, असा सल्ला त्याने दिला.

१६९२ साली फ्रान्समधील लियाँ शहरात एका दारूच्या व्यापाऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला. खुनी सापडेना, म्हणून झाक एमार नावाच्या शेतकऱ्याला बोलावण्यात आले. आपली काठी खुन्याचा मागही काढते असा त्याचा दावा होता. काठीच्या मागे मागे जात तो दूरवरच्या एका तुरुंगापर्यंत पोचला आणि तेथे नुकत्याच आलेल्या एका कुबड्या तरुणाकडे काठी वळली. तरुणाने गुन्ह्यात आपला हात असल्याचे कबूल केले आणि त्याला हाल करून ठार मारण्यात आले. एमारची कीर्ती देशभर पसरली.

पुढच्या वर्षी काँदेच्या राजपुत्राने त्याला पॅरिसला बोलावून घेतले आणि त्याची परीक्षा घेतली. बागेत खड्डे करून त्यांत वेगवेगळे धातू आणि दगड पुरले, वरून माती सारखी केली. एमारची काठी येथे सपशेल फसली. लियाँमध्ये लोकांचे चेहरे, कुजबूज, अधिकाऱ्यांचा संशय हे सारे त्याच्या भोवती होते. बागेत मात्र त्याला माहिती पुरवणारे काहीच नव्हते. उत्तर झाकून ठेवणे ही परीक्षेची पहिली अट झाली. पण ती कळायच्या आधी एका तरुणाचा जीव गेला होता.

शेव्हरोलने स्वतःचीच परीक्षा घेतली

काठी फसते हे दिसले, तरी ती हलते कशी हा प्रश्न उरला. पाणाड्या मुद्दाम हलवतो असे म्हणून भागत नाही, कारण पुष्कळ पाणाडे प्रामाणिक असतात. फांदी आपल्या हातांना न जुमानता खाली ओढली जाते असे त्यांना खरोखरच जाणवते. नवशिक्यालाही हा अनुभव पहिल्याच दिवशी येऊ शकतो, आणि आपल्या अंगी शक्ती आहे असा त्याचा ग्रह तेथूनच होतो.

या प्रश्नाचे उत्तर मिशेल शेव्हरोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधले. दोऱ्याला बांधलेला लोखंडी गोळा किंवा कडी पाऱ्यावर धरली की आपोआप झुलू लागते, अशी तेव्हा वदंता होती. शेव्हरोलने १८१२ च्या सुमारास स्वतः करून पाहिले आणि लोलक खरोखर झुलला. मध्ये काचेचे तावदान धरल्यावर तो थांबलादेखील. दुसरा कोणी असता तर येथेच थांबून त्याने नव्या शक्तीची घोषणा केली असती.

शेव्हरोल पुढे गेला. त्याने हाताला लाकडाचा टेकू दिला. टेकू खांद्यापासून बोटांकडे सरकवत नेला तसतसे झुलणे कमी होत गेले, आणि बोटांनाच टेकू दिल्यावर थांबले. मग त्याने स्वतःचे डोळे बांधले आणि मदतनिसाला काच मध्ये घालायला व काढायला सांगितले. काच कधी घातली हे त्याला कळेनासे झाल्याबरोबर लोलकावरचा तिचा परिणामही नाहीसा झाला. १८३३ साली त्याने हे सारे भौतिकशास्त्रज्ञ आंपेर याला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. लोलक झुलेल या अपेक्षेनेच स्नायूंची न जाणवणारी हालचाल होते, असा त्याचा निष्कर्ष होता. १८५२ साली इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने या क्रियेला ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले. मराठीत तिला कल्पनाप्रेरित हालचाल म्हणता येईल. दुसऱ्याच वर्षी मायकेल फॅरडेने प्रेतात्म्यांच्या बैठकीत हलणारे टेबल बसलेल्यांचेच हात हलवतात, हे प्रयोगाने दाखवले.

नारळाचेही कोडे येथेच सुटते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ आधीच डळमळीत तोलावर असतो. बोटांचा किंचित उतार त्याला पुरतो. बेचक्याची फांदी दोन्ही बाजूंनी ताणून धरलेली असते, म्हणून मनगट थोडे वळताच ती जोराने खाली येते. हालचाल लहान आणि परिणाम मोठा, यामुळेच ‘मी हलवले नाही’ असे धरणाऱ्याला मनापासून वाटते.

‘पण पाणी तर लागते’

येथे गावातला जाणता माणूस हरकत घेतो. ‘फांदी कोणीही हलवो, आमच्या पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले त्याचे काय?’ हरकत रास्त आहे. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्यात मेजर पॉग्सन हे सरकारी पाणाडे म्हणून काम करत होते. त्यांच्या यशाचे दाखलेही असेच दिले जात. अशा दाखल्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो. पाणाड्याविना खणले असते तर किती ठिकाणी पाणी लागले असते?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पाणीपुरवठा खात्याने १९१८ ते १९४३ या काळातील साडेतीन हजारांहून अधिक बोअरची नोंद ठेवली. निम्मे बोअर पाणाड्यांच्या सल्ल्याने आणि निम्मे त्यांच्याविना घेतलेले होते. पाणाड्यांच्या बोअरपैकी ७०.४ टक्के बोअरना तासाला शंभर गॅलन किंवा अधिक उपयुक्त पाणी लागले. पाणाड्याविना घेतलेल्यांत हे प्रमाण ८३.८ टक्के होते. साफ कोरडे गेलेले बोअर अनुक्रमे १४.७ आणि ७.४ टक्के होते. ‘शंभरांत सत्तर वेळा पाणी लागले’ एवढेच ऐकले असते तर पाणाड्याचा सत्कार झाला असता. शेजारी दुसरा आकडा ठेवल्यावर चित्र पालटते.

मराठवाड्यात काय होते हे समजण्यासाठी पायाखालचा खडक पाहावा लागतो. निलंग्याची काळी माती बेसाल्टच्या थरांवर बसलेली आहे. मातीखाली मुरूम, मग सांधे आणि छिद्रे असलेला मांजऱ्या खडक, मग घट्ट काळा पाषाण, दोन लाव्हा थरांमध्ये कोठे कोठे गेरूसारखी तांबडी माती, असा क्रम विहीर खणणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. जमिनीखाली नद्या वाहत आहेत आणि दोन ‘नसा’ जेथे छेदतात तेथेच पाणी आहे, असे हे चित्र नाही. उथळ भागात पाणी चादरीसारखे पसरलेले असते. ओढ्याकाठी किंवा सखल भागात खणले, तर पाणाडी जागा दोन हात सरकली तरी थोडेफार पाणी लागते. अनुभवी पाणाडे उतार, झाडी, शेजारच्या विहिरी नजरेने टिपतात, आणि तीच माहिती नकळत हातात उतरते. त्यांचे यश असेल तेवढे वराहमिहिराच्या वाटेचे आहे.

बोअर खोल जातो तेव्हा ही मदत सरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. बेसाल्टची जाडी तेथे ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून अधिक भरली. त्याखाली गाळाच्या खडकाचा अवघा आठ मीटरांचा थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. ‘आणखी शंभर फूट जा, नदी लागेल’ असे सांगणाऱ्याने हा छेद पाहिलेला बरा.

कोठाराचा प्रयोग आणि चार मिलिमीटर

विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत दोन मोठ्या परीक्षा झाल्या. १९८७-८८ साली म्युनिकजवळच्या एका कोठारात, सरकारी अनुदानावर, सुमारे पाचशे पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांना तपासण्यात आले. तळमजल्यावर पाण्याचा नळ असलेली गाडी दहा मीटरांच्या रेषेवर कोठेही ठेवायची, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तिची जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. किमान ३७ जणांत कोणतीच शक्ती दिसली नाही, पण उरलेल्या सहांत ती दिसते असे प्रयोगकर्त्यांनी जाहीर केले.

अमेरिकन शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. चांगले ठरलेले पाणाडे दुसऱ्या फेरीत चांगले ठरत नव्हते. कोणी दर वेळी डोळे मिटून रेषेचा मध्यबिंदूच सांगितला असता, तर त्याच्या तुलनेत सर्वोत्तम पाणाडा दहा मीटरांत सरासरी चार मिलिमीटरनी सरस होता. चार मिलिमीटरच्या भरवशावर कोणी विहीर खणत नाही.

दुसरी परीक्षा १९९० मध्ये कासेल येथे झाली. पन्नास सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचे नळ पुरले, जागा वरून रंगीत पट्टीने दाखवली, आणि नळातून पाणी वाहते आहे की नाही एवढेच विचारले. सुमारे तीस पाणाड्यांनी ही परीक्षा न्याय्य आहे असे आधी लिहून दिले होते. आपण शंभर टक्के यशस्वी होऊ अशी त्यांची खात्री होती. निकाल नाणे उडवण्याइतकाच लागला. अटी आधी मान्य करून घेणे हे या परीक्षेचे मोठे वैशिष्ट्य होते, कारण हरल्यानंतर अटींना दोष देण्याची वाट त्यामुळे बंद होते.

महाराष्ट्रातही या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे, जरी ते पाण्याचे नसून पत्रिकांचे आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन मूल कोणत्या गटातील ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, तर सर्वाधिक बरोबर उत्तरे चाळीसपैकी २४ होती. कोणाचाही अपमान न करता दाव्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

वर्गात करून पाहा

हे प्रयोग शाळेत फारशा खर्चाविना करता येतात. पहिला शेव्हरोलचा. दोऱ्याला अंगठी बांधा, कागदावर एक वर्तुळ आणि त्यात एक सरळ रेघ काढा. अंगठी वर धरून रेघेकडे पाहत ‘आता रेघेवरून झुलेल’ असा विचार करायला सांगा. बहुतेक मुलांची अंगठी झुलेल. मग कोपर, मनगट, बोटे यांना क्रमाने टेकू द्या आणि फरक लिहून घ्या.

दुसरा प्रयोग झाकलेल्या चाचणीचा. सारख्या पाच खोक्यांपैकी एकात पाण्याची बाटली आणि चारांत तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या बाटल्या ठेवा. आधी खोकी उघडी ठेवून फांदी पाण्यावर हलते का ते पाहा. ती हमखास हलेल, आणि अशा बाटलीवर आपली फांदी चालते हे मुलगा स्वतः कबूल करेल. मग झाकण लावा. पाण्याची जागा फासा टाकून ठरवा, सहा पडल्यास पुन्हा टाका. बाटली ठेवणाऱ्या मुलांनी पाणाडा येण्यापूर्वी खोली सोडावी, आणि नोंद करणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावे. नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून ते कळेल. १९३० च्या दशकात अमेरिकेत जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांच्या पत्त्यांवर मनोवाचनाचे गाजलेले प्रयोग केले. त्या पत्त्यांपैकी काहींची चिन्हे पाठीमागूनही दिसू शकत होती, हा आक्षेप त्यांना पुढे सोडवावा लागला. उत्तर गळण्याच्या वाटा अशा बारीक असतात.

अशा वीस चाचण्या घ्या. केवळ नशिबाने सरासरी चार उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन आहे. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात एखाददुसरे मूल कोणत्याही शक्तीवाचून आठाचा पल्ला गाठेल! त्याला ‘पायाळू’ ठरवू नका. त्याचीच पुन्हा वीस चाचण्यांची फेरी घ्या. दुसऱ्यांदाही आठ येण्याची शक्यता पुन्हा शंभरात तीनच असते. म्युनिकमध्ये जे निसटले ते या एका नियमात सापडते.

तिसरे काम मोठ्या मुलांसाठी. गावातील सर्व बोअरची वही करा. जागा कोणी दाखवली, किती फुटांवर पाणी लागले, मे महिन्यात ते टिकले का, हे घरोघर जाऊन विचारा. कोरडे गेलेले आणि बुजवलेले बोअर आवर्जून नोंदवा. यशाची गोष्ट पारावर सांगितली जाते, अपयशाची घरातच राहते, आणि त्यामुळेच पाणाड्याची कीर्ती टिकते. वही पुरी झाल्यावर पाणाड्यांच्या आणि इतरांच्या बोअरची टक्केवारी शेजारी शेजारी मांडा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करणारी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. तिच्या जिल्हा कार्यालयातील माहिती या वहीला जोडता येईल.

एक काळजी शिक्षकांनी घ्यावी. वर्गातील काही मुलांच्या वडिलांनी पाणाड्याच्या शब्दावर पैसे घातलेले असतील, आणि एखाद्याचे आजोबा स्वतः पाणाडे असतील. त्यांची टिंगल होऊ देऊ नये. बन पडल्यास त्या आजोबांनाच शाळेत बोलवावे, अटी त्यांच्याशी बसून ठरवाव्यात, आणि त्यांना उतार, झाडी व खडक यांविषयी जे ठाऊक आहे ते मुलांना ऐकवावे. वाहते पाणीच ओळखता येते असे ते म्हणाले, तर बाटलीऐवजी कासेलसारखे नळ वापरावेत. फांदी नापास झाली तरी त्यांचे निरीक्षण त्या वहीत लिहून ठेवण्यासारखे असेल.